किल्ली डिंफ्नाकडे मिळेल

फाटकावरच्या पाटीवर खडूनं एवढंच लिहिलेलं.
गॉलवेपासून तासाभरावर, रस्ता संपतो तिथं घर,
घरात डिंफ्ना टॉर्पी.
पीठ लागलेल्या हातांनी ती खुंटीवरून काढते
वीतभर लांब लोखंड,
गमबुटांत पाय सरकवते
आणि माझ्यापुढं चालू लागते चिखलातून,
नदी डाव्या हाताला ठेवून.

मठाला छप्पर नाही.
खापरपणज्यांच्या आधीपासून नाही.
मग कुलूप कशाला?
"गायींसाठी," ती म्हणते. "पावसाला कोण अडवतंय."

कुलूप निघालं तरी दार निघत नाही.
वर आणखी एक दोरी, निळी,
गवताचे भारे बांधायची, तीन गाठींची.
फ्रान्सिस्कन साधूंच्या कमरेला अशीच दोरी असते,
मी वाचलेलं सांगतो,
एक गाठ गरिबीची, एक ब्रह्मचर्याची, एक आज्ञेची.
"माझ्या तिन्ही निरगाठी,"
म्हणत डिंफ्ना दात लावते.

आत आधी मनोरा.
सडपातळ, देवळाच्या पोटातून वर काढलेला,
मागाहून सुचलेला.
भिंती जुन्या, ओझं नवं.
बांधणाऱ्यांनी ते ओळखून
दोन कमानींतली एक जरा जाड ठेवलीय,
कुणाला न सांगता,
घरातल्या थोरलीवर टाकतात तसं.

मग चौक, चारी अंगांनी ओवऱ्या.
कमानी इतक्या बुटक्या
की साधू ठेंगणे असावेत
किंवा वाकणं हाच नियम असावा.
मी खांब मोजत जातो, सगळे सारखे,
साधे, उपाशी,
आणि अकराव्याच्या तळाशी, जिथं फक्त
झाडणाऱ्याची नजर जाईल,
नखाएवढा एक पक्षी.
पाथरवटानं कोरला आणि गप्प बसला.

मध्यरात्रीच्या प्रार्थनेला उतरायचा जिना:
सतरा पायऱ्या दगडाच्या,
त्यापुढं आभाळ.

स्वयंपाकघरात भट्टीचं काळं तोंड
आणि कोपऱ्यात दगडी हौद.
नदीतले मासे इथं शुक्रवारपर्यंत जिवंत ठेवत.
हौदाच्या काठावर डिंफ्ना बसते.
इतका वेळ ती बसलेली नव्हती.

"कॉलमन यात लपायचा."
भाऊ, पाठचा.
"एका रविवारी माझ्यावर राज्य होतं.
शंभर म्हणून झाले, हौद बघितला,
जिना बघितला, थडग्यांमागं बघितलं.
अंधार पडल्यावर घरी गेले
तर हा टेबलाशी, पावाला लोणी लावत.
इतका राग आला,
'सापडलास' म्हटलंच नाही.
पुढच्या मार्चमध्ये बोटीनं गेला.
बॉस्टनहून पत्रं यायची, मग नुसतं नाताळचं कार्ड,
मग तेही नाही."
ती हौदात बघते. तळाला बोटभर पावसाचं पाणी,
त्यात एक काटकी.
"म्हणजे राज्य अजून माझ्यावरच."

मला काही बोलता येत नाही.
वर मनोऱ्यात कावळ्यांचं भांडण चाललेलं.

परतताना देवळाच्या मधल्या भागातून जातो.
गावातली माणसं अजून इथंच पुरतात,
छपराखाली नाही तर छपराच्या जागेखाली.
तिसऱ्या खिडकीशी तिचा नवरा. फिंटन टॉर्पी, गवंडी.
शेजारी मोकळी जमीन, गवत कापलेलं.
"तिथं नको उभा राहूस," ती म्हणते,
"ओल आहे."

दार लागतं. कुलूप. मग दोरी.
"बोट ठेव."
पार्सल बांधताना ठेवतात तसं मी गाठीवर बोट ठेवतो.
एक निरगाठ. दुसरी, माझ्या बोटासकट आवळलेली.
तिसऱ्या वेळी तिचे हात थांबतात,
आणि ती सुरगाठ मारते,
टोक बाहेर, लोंबतं, ओढलं की सुटेल असं.

मी तिच्याकडे बघतो.

"गायींना नाही जमत सुरगाठ सोडायला,"
डिंफ्ना म्हणते, किल्ली खिशात टाकते,
आणि भाकरीचं पीठ फुगून वर आलं असेल म्हणून
भराभर चालू लागते.
नदी आता उजव्या हाताला.